अत्तराचे चार बोळे

आमच्या अप्पांचा उजवा हात अख्ख्या सोलापुरात माहीत होता. अख्ख्या म्हणजे ज्या घरांतली पोरं मराठी शाळेत जात तेवढ्या घरांत, पण तेवढं पुरे झालं. अप्पा मास्तर होते. छडीला ते हात लावत नसत. छडीनं पोरं कोडगी होतात, असं त्यांचं म्हणणं. ते कानफटात मारत. उजव्या हाताचा पंजा डाव्या कानावर असा सपाट बसे की आवाज शेजारच्या वर्गात जाई आणि तिथलीही पोरं पुस्तकात मुंडी घालत. अप्पांनी नाव पुकारलं की पोरगं डावं अंग भिंतीला घासत, तिरकं तिरकं टेबलापाशी यायचं. आईबाप अप्पांना रस्त्यात गाठून नमस्कार करायचे. "मास्तर, आमच्यालाबी एक द्या की, पाढंच येत न्हाईत त्याला," म्हणायचे. अप्पा द्यायचे.

त्यातली एक माझी होती, माझ्या हक्काची. ती मी थोरल्या बहिणीच्या कानावर ढकलली. तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि अक्का अकराची. लहान होतीस गं, सोडून दे, असं एखादीनं मला सांगितलंही असतं. पण त्यासाठी आधी ते कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि मी आजपर्यंत कुणाला उघड सांगितलेलं नाही.

घडलं ते एवढंच. शाळेत डिप्टी, म्हणजे तपासणीचे साहेब, यायचे होते. त्यांना दाखवायचा मोठा कागद अप्पा घरी आणून दोन दिवस घोटून घोटून लिहीत होते. ते हातपाय धुवायला परसात गेले. फळीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. मी अप्पांच्या बैठ्या मेजावर चढले, टाचा उंचावल्या आणि दौत लवंडली. सगळी शाई कागदावर. अक्का खोलीच्या कोपऱ्यात ज्वारी निवडत होती. ती सूप टाकून धावली आणि आपल्या परकराच्या ओच्यानं कागद टिपायला लागली. अप्पा आत आले तेव्हा मी भिंतीशी उभी होते, हात कोरडे. अक्काचे हात कोपरापर्यंत निळे.

"कुणी सांडली?"

"अक्कानं," मी म्हणाले. मला विचार करावा लागला नाही. तोंडात तयारच होतं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. बोलायला तोंड उघडलं असावं, पण तोवर पंजा बसला होता. ती उंबऱ्यापर्यंत भेलकांडत गेली आणि तिथंच बसली. रडली नाही. डाव्या कानावर हात ठेवून म्हणाली, "अप्पा, भोंगा वाजतोय." गिरणीचा भोंगा व्हायला अजून दोन तास होते. अप्पा म्हणाले, "वाजू दे."

तो तिच्या कानात पुढं कायमचा वाजत राहिला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान फुटला. आधी पाण्यासारखं पातळ यायचं, मग पिवळं, मग दाट. आई मी दोन वर्षांची असतानाच गेलेली. घर आत्याच्या हातात. आत्या म्हणजे अप्पांची थोरली विधवा बहीण, डोक्यावरून लाल आलवण आणि जिभेवर धार. वाईट होती का? मला माहीत नाही. आमच्यासाठी ती मरमर राबली आणि आमच्यापैकी एकीला तिनं जवळपास मारलं. तिनं लसूण घालून तेल उकळवलं आणि ऊन ऊन कानात सोडलं. झेंडूच्या पाल्याचा रस घातला. शेजारच्या बाळंतिणीकडून वाटीत दूध मागून आणलं, तेही घातलं. दर रविवारी घंगाळात डोकं वाकवून शिकेकाईनं न्हाऊ घालायची, ते पाणी कानात जायचं ते वेगळं. कानात जे म्हणून जाईल ते सगळं गेलं. कान काही थांबेना.

आता हे झालं कशानं, याचं उत्तर घराला हवं होतं. अप्पांच्या हातानं, असं कुणी म्हणणार नव्हतं. आत्यानं उत्तर काढलं: अक्का कानात केसांचा आकडा घालून कोरते. तिनं अक्काचे सगळे आकडे काढून घेऊन स्वतःच्या पेटीत ठेवले. अक्कानं कधी कान कोरलेला मी पाहिला नव्हता. पण आत्यानं मला विचारलं, "कोरते ना गं ही?" मी मान हलवली. अप्पांनी जेवता जेवता ऐकलं आणि आमटी वाढ म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात अक्कानं आपला कान आपणच फोडला.

एकदा कान कोरून देणारा दारावरून चालला होता. लाल पागोटं, पागोट्यात सळया खोवलेल्या, खांद्याला तेलाच्या बाटल्यांची पिशवी. किल्ल्याच्या बाजूनं यायचा. आत्यानं त्याला ओट्यावर बसवलं. म्हाताऱ्यानं अक्काचा कान वर-मागं ओढला, उन्हाकडं वळवला, एक डोळा मिटून आत बघितलं आणि सळई पुन्हा पागोट्यात खोवली.

"मैल नै है मा इसमें," तो म्हणाला. "परदा फट्या है. किन्ने मारा इसकू?"

ओट्यावर मी, आत्या आणि अक्का. अक्कानं मान खाली घातली. मी ओट्याच्या फटीतली मुंगी बघत बसले. आत्या उसळलीच. "मेल्या, तुला कान साफ करायला बोलावलं की पंचाईत करायला? ऊठ!" म्हातारा काही न घेता उठला. जाताना अक्काच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "पानी नक्को जाने देव. बहने देव उसकू, बंद नक्को करो." वाहू द्या, बंद करू नका. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं आणि आमच्या घरात मास्तर होता.

पुढची चार वर्षं अक्का म्हणजे एक वास होता. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. कुजकट, गोडसर वास. ती आली की आधी तो यायचा. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना म्हणून चौथीतून तिचं नाव काढलं. हळदीकुंकवाला बायका तिला दारातच कुंकू लावून वाटेला लावायच्या. सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग. तो धुवायचं काम माझ्याकडं होतं आणि मी सबंध आळीला दिसेल असा अभ्रा दोन बोटांत धरून, नाक मुरडत नळावर न्यायची. मैत्रिणी हसायच्या. मला बरं वाटायचं. ज्याचं आपण वाईट केलं त्याचा आपल्याला राग यायला लागतो, हे मला त्या वयात कळलं. अक्काचा मला फार राग यायचा.

आणि ती मला लाडू द्यायची. आपल्या वाटणीचा निम्मा. थू माझ्या जिण्यावर.

अक्का पंधराची झाली आणि आत्याला घोर लागला. डाव्या कानानं तिला ऐकूच यायचं नाही. उजवा बरा होता, पण पडसं झालं की तोही बसायचा. दोन स्थळं वासावरून परत गेली. तिसरं आलं ते तुळजापूर वेशीपलीकडचं. मुलगा गिरणीच्या कचेरीत कारकून, घरात तो आणि त्याची आई. आई अक्कलकोटकडची, बोलताना मधूनच कानडी यायची. आत्या अप्पांना म्हणाली, "अरे, हे गेलं तर ही पोर आपल्या उरावर बसली म्हणून समज. आणि थोरली बसली की धाकटी बसली." अप्पा म्हणाले, "तू बघ काय करायचं ते."

आत्यानं बघितलं. पितळेच्या कुपीत हिन्याचं अत्तर होतं, लग्नामुंजीत लोकांना लावायचं. त्यात कापसाचा बोळा भिजवून तिनं अक्काच्या डाव्या कानात घातला. वरवर नाही, आकड्याच्या बोथट बाजूनं दाबून दाबून आत. पेटीतले आकडे चार वर्षांनी बाहेर निघाले ते यासाठी. अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दुखतंय," म्हणाली. "दुखू दे, संसार होतोय," आत्या म्हणाली.

ऐकू येण्याची सोय माझ्याकडं होती. अक्काला डावं अंग भिंतीकडं करून पाटावर बसवायचं आणि मी तिच्या मागं, पदर सावरायच्या निमित्तानं. प्रश्न तिला कळला नाही तर मी दंडाला चिमटा काढायचा. एक म्हणजे नाव सांग, दोन म्हणजे शिक्षण, तीन म्हणजे स्वयंपाक, आणि नुसतं दाबलं म्हणजे लाजून मान खाली घाल. आठ दिवस आम्ही तालीम केली. अक्काच्या दंडावर हिरवेनिळे डाग पडले. मी जरुरीपेक्षा जास्त जोरात काढायची, हेही सांगून टाकते.

बघण्याचा कार्यक्रम असा झाला की नाटक कंपनीनं शिकावं. मुलाच्या आईनं विचारायचं, मी चिमटा काढायचा, अक्कानं क्षणभर थांबून उत्तर द्यायचं. त्या थांबण्यावरच बाई भाळल्या. "पोरगी विचार करून बोलते हं," मुलाला म्हणाल्या. "आजकालच्या पोरी तडातडा बोलतात, तसली नाही ही." मग नाकपुड्या फुलवून म्हणाल्या, "वास काय छान हिन्याचा!" आत्या म्हणाली, "आमच्याकडं रीतच आहे की, मुलगी दाखवताना अत्तर लावायची." अशी रीत आमच्याकडं नव्हती. कुठंच नसेल.

स्थळ ठरलं. आषाढातला शेवटचा मुहूर्त नऊ दिवसांवर आला होता. आणि नऊही दिवस केळवणं. आज ह्या घरी जेवण, उद्या त्या घरी. दोन्हीकडच्या बायका मांडीला मांडी लावून पंगतीत. मग बोळा काढणार कधी? आत्या काढेचना. अत्तर उडालं की वरून दुसरा बोळा. तो सुकला की तिसरा.

आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यावर आमचं घर फसलं. चौथ्या दिवशी सकाळी मी अभ्रा धुवायला घेतला, तर कोरा. डाग नाही. मी धावत आत्याकडं गेले. आत्यानं अभ्रा उजेडात धरला, उलटा-सुलटा केला, हुंगला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं हो! "वाळला गं बाई कान," म्हणाली. देवापुढं साखर ठेवली. अप्पांना अभ्रा नेऊन दाखवला. चार वर्षं दर रात्री वाहणारा कान चार दिवसांत कोरडा. अप्पांनी चष्मा वर करून बघितलं. "अत्तरात गुण असतो," म्हणाले. शाळेत पोरांना सांगावं तसं म्हणाले. आम्ही सगळे खूश. भोकाला दट्ट्या मारलाय म्हणून बाहेर काही येत नाही, आत सगळं तसंच भरतंय, हे तिघांपैकी एकालाही सुचू नये? घागरीला बूच असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं?

अक्काला कळत होतं. "आत्या, काढ की गं ते," ती म्हणायची. "आत ठणकतंय. डोकं फुटतंय माझं." आत्या म्हणायची, "वाळतोय म्हणून ओढ लागते. लग्न व्हायचंय का तुला?" ताप आला तर तो केळवणांतल्या तेलकटाचा. वांती झाली तर पित्ताची. लग्नाच्या आदल्या दिवशी कानामागं सूज आली, लाल आणि तट्ट, आणि डावा कान पुढं वळून उभा राहिला. आत्यानं वेणी सैल घातली आणि केस कानावरून घेतले. चौथा बोळा त्या दिवशी गेला.

लग्नात मुंडावळ्या बांधायचं काम मामींकडं होतं. दोरा नेमका त्या सुजेवरून गेला. मामींनी गाठ आवळली तशी अक्काच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला, कुत्र्याच्या पिल्लासारखा. बायका म्हणाल्या, "माहेर सुटतंय ना, यायचंच." चौघडा तिच्या डाव्या बाजूलाच बसवलेला. सप्तपदीला ती सरळ चालेना. पाऊल टाकायची की डावीकडं झुकायची. चौथ्या पावलाला पडली असती, नवऱ्यानं धरलं. सगळा मांडव हसला. "आत्तापासूनच टेकायला लागली!" कुणीतरी म्हणालं. मीही हसले. मी करवली होते, हातात कऱ्हा, डोक्यात अबोलीचा गजरा. झालं एकदाचं, असं वाटत होतं. अक्काचा संसार उभा राहिला, म्हणजे ती दौत पुसली गेली, असा माझा हिशेब होता.

तो संसार अडीच दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात टांगा उभा राहिला. आधी सासूबाई उतरल्या. मग टांगेवाल्यानं पेटी उतरवली. मग अक्का उतरली, म्हणजे तिला उतरवलं. तिचं तोंड वाकडं झालं होतं. डावा ओठ खाली लोंबलेला, डावा डोळा मिटत नव्हता. सासूबाईंच्या हातात पानाचा द्रोण होता. तो त्यांनी आमच्या उंबऱ्यावर ठेवला.

झालं होतं असं, की न्हाऊ घालायला त्यांनी अक्काचे केस सोडले, कान दिसला, कानातला कापूस दिसला. त्यांनी ओढला. एकामागं एक चार निघाले. आणि त्यांच्यामागून जे आलं ते त्यांच्या हातावर, लुगड्यावर, न्हाणीभर.

"तुमचं अत्तर," सासूबाई म्हणाल्या. "मोजून घ्या. चार आहेत." आळीतल्या बायका दारांत आलेल्या. आत्यानं हात जोडले. "अय्यो, हात कशाला जोडता? नासका कान पदरात घातलात, ते घालताना जोडले नाहीत हात!" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि ही मागं बसून पदर सावरत होती." त्यांनी अक्काच्या दंडावरचे डाग बघितले असणार. टांगा गेला. द्रोण तसाच पडला होता. हिन्याचा वास येत होता अजून, त्या घाणीतही. तेव्हापासून मला हिना सहन होत नाही.

अप्पा म्हणाले, दोन दिवस बघू. गावात बभ्रा नको. बघितले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अक्का हाक मारली तरी डोळे उघडेना, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म दिला आणि कानामागचं सडलेलं हाड छिन्नीनं तासून काढलं. बाहेर बाकावर ठकठक ऐकू येत होती. आत सुतार बसलाय की काय, असं वाटत होतं. डॉक्टर बाहेर आले ते चिडूनच. "मास्तर, वाहत होता तोच बरा होता. बूच कुणी मारलं?" अप्पा चष्मा पुसायला लागले. "आणि पडदा मुळात फुटला कशानं? मार बसला होता कधी?"

"छे, छे," अप्पा म्हणाले. "लहानपणी आकडा घालायची कानात." ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना तसंच आठवत असावं. मी शेजारी बसले होते. हातभर लांब होते त्या डॉक्टरांपासून.

अक्का जगली. कानामागं अंगठा बसेल एवढा खड्डा राहिला. डावा कान मेला, तोंड वाकडं ते वाकडंच, आणि पुढं उजवाही वाहायला लागला. ओरडून बोललेलं कळायचं, बाकीचं ती ओठांकडं बघून समजून घ्यायची. मंगळसूत्र गळ्यात होतंच. ते घालून ती ज्वारी निवडायची, भाकऱ्या थापायची आणि संध्याकाळी दारात उभी राहून वेशीकडच्या रस्त्याकडं बघायची. गिरणी सुटायच्या वेळेला. भोंगा तिला ऐकू यायचा नाही, पण माणसं सुटलेली दिसायची. "येतील की न्यायला, कान बरा झाला म्हणजे," असं मला म्हणायची. बोलताना लाळ यायची, ती पदरानं पुसायची.

दोन वर्षांनी सासूबाई आल्या खऱ्या. अक्का लगबगीनं आत गेली, केस नीट करून आली, पेटी ओढून दारापाशी ठेवली. सासूबाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. "तुम्ही फसवलंत," त्या अप्पांना म्हणाल्या. "भरपाई करा. धाकटी द्या."

अप्पांनी विचार करायला किती वेळ घेतला असेल? आत्यानं आतून चहा आणेपर्यंत होकार गेला होता. सवतीवर मुलगी देताय, असं शेजारची एक म्हणाली, तर आत्या म्हणाली, "सवत कसली? बहीणच की! आणि ही कुठं नांदायला जातेय." मी चौदाची होते. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगू, विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. अप्पांच्या घरातून बाहेर पडायला मिळत होतं. मुलगा दिसायला बरा होता.

पण सासूबाई आता फसणार नव्हत्या. त्यांनी मला मधल्या खोलीत उभं केलं, वेणी वर धरली, आणि आधी डावा मग उजवा, दोन्ही कान हुंगले. हुंगले हो, चक्क नाक लावून. करंगळी आत घालून फिरवली आणि बोट बघितलं. मग माझ्या पाठीमागं जाऊन कुजबुजल्या, "वाटी आण." मी वाटी आणली. "साक," म्हणाल्या, म्हणजे पुरे. "कान चांगले आहेत हिचे." अक्का दारात पेटीवर बसून हे सगळं बघत होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण हुंगणं ऐकावं लागत नाही. थोड्या वेळानं ती उठली आणि पेटी पुन्हा आत सरकवून ठेवली.

हळदीच्या दिवशी नवरदेवाची उष्टी हळद आमच्याकडं आली. आधी नवऱ्याला लावायची, त्याच्या अंगाची उरलेली मग नवरीला. ती लावायला सवाष्ण हवी, घरातली. आत्या विधवा, तिचा हात चालायचा नाही. घरात सवाष्ण एकच. "अक्काच लावेल की," आत्या म्हणाली. "सवाष्णच आहे ती."

सवाष्ण होती, कारण तिचा नवरा जिवंत होता. सकाळीच त्याच्या अंगाला हळद लागली होती.

मला पाटावर बसवलं. भोवती आळीतल्या बायका, ओसरीवर अप्पा आणि चार माणसं, दार उघडं. अक्कानं वाटी घेतली. आधी पाय, मग गुडघे, मग हात. दंडाला लावताना तिची बोटं थोडी थांबली. मी चिमटे काढायची तिथं. मग गाल, मग कान. माझ्या डाव्या कानाला तिनं हळूच, फार हळू, पाळीपासून मागपर्यंत हळद लावली. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं, एका बाजूला लोंबलेलं. मला ते सहन झालं नाही. मी पुढं वाकले आणि तिला ओठ दिसतील असं हळूच म्हणाले, "अक्का, दौत मी सांडली होती."

ती माझ्या ओठांकडंच बघत होती. मग ओसरीकडं बघितलं, जिथं अप्पा बसले होते. मग पुन्हा माझ्याकडं.

"मोठ्यानं बोल की," ती म्हणाली.

तिला कळलं होतं. तिला ते सहा वर्षं माहीतच होतं, दौतीपाशी आम्ही दोघीच तर होतो. तिला ते ऐकायचं नव्हतं, ओसरीवर ऐकवायचं होतं. सहा वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. बायका गाणं थांबवून बघायला लागल्या. अप्पांनी मान वळवली. "काय गं, काय म्हणतेय नवरी?" आत्यानं विचारलं. अक्का वाट बघत होती. तिचा डावा डोळा मिटत नसे, तो माझ्यावर तसाच उघडा होता.

"काही नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "हळद गार लागतेय म्हटलं."

बायका हसल्या आणि पुन्हा गायला लागल्या. अक्कानं मान हलवली, वाटीत बोटं बुडवली आणि माझ्या दुसऱ्या कानाला हळद लावली.